ना शंख, ना चक्र

वेंगुर्ल्याची तहसील, खिडकी क्रमांक तीन.
खिडकीच्या आत मी.
टेबलावर काचेचा लहानसा चौकोन, खाली लाल उजेड.
ज्यानं त्यानं अंगठा ठेवायचा
आणि सरकारनं त्याला ओळखायचं,
एवढंच काम.

तारामती केळुसकर आज तिसऱ्यांदा आली.
अंगठा पदराला पुसला,
मग तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडली.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
मी म्हटलं, जरा दाबून.
पुन्हा प्रयत्न करा.
डावा द्या.
पुन्हा.

"अंगठो माझोच आसा गो बाय," ती म्हणाली,
"झिजलो तो कामान."

एकवीस वर्षं काजूच्या कारखान्यात.
बी फोडायची, गर अख्खा काढायचा;
तुटला तर हातात तुकड्याचा भाव.
टरफलातला चीक कातडी खातो.
बायका बोटांना राख लावतात, रात्री खोबरेल.
हातमोजे मिळतात, नाही असं नाही,
तपासणीचे साहेब येतात त्या दिवशी,
आणि जीप वळणापार गेली की
मोजून परत घेतात.

लहानपणी गुरवानं तिची बोटं उलगडून पाहिली होती.
सात चक्रं, तीन शंख.
पोरगी राज्य करणार!
सगळे हसले होते, आईसुद्धा.
आता दहाही बोटं
भरतीनं पुसून नेलेल्या वाळूसारखी.

तिच्यामागे कार्मेलिन, आठवा महिना,
एक हात कमरेवर.
सहाव्यात तिला सांगितलं होतं, घरी बस, मग बोलावू.
बाळंतपणाच्या पैशांना हजेरी लागते,
हजेरीला अंगठा.
तिच्यामागे जैबुन. तिला अर्ज नको होता.
काचेला तोंड लावून तिनं हळूच विचारलं,
मुकादमाबद्दल कुणाकडे सांगायचं?
समितीकडे, मी म्हटलं.
समिती खंय आसा?
मी जिन्याखालच्या फलकाकडे बोट दाखवलं.
अध्यक्षांची बदली होऊन दोन वर्षं झाली,
बाकी चार रकाने रंगवून तयार आहेत.
माझं ते बोट
खाली यायला जरा वेळ लागला.

खिडकीबाहेरून पाहिलं तर मीच सरकार.
आतून पाहिलं तर अकरा महिन्यांचा करार.
दर मे महिन्यात एक दिवस मी नसते,
म्हणजे मी कायम होत नाही.
जानेवारीपासूनचा पगार निघालेला नाही.
हे तारामतीला सांगितलं नाही.
तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बहुतेक
तिला कळलं.

मग मी जुनी शाईची पेटी काढली.
तिचा अंगठा धरला, टेकवला, उचलला.
कागदावर नुसता काळा डाग.
रेघ नाही, वळण नाही.
शेजारी कार्यालयाचा शिक्का मारला:
सिंह, आणि सिंहांच्या पायाशी चक्र,
स्पष्ट उमटलेलं.

शेऱ्याच्या रकान्यात आम्ही 'त्रुटी' लिहितो.
मी लिहिलं:
अंगठा उमटत नाही हा अर्जदाराचा दोष नव्हे.
तो कामावर झिजला आहे, आणि ते काम आपल्या हद्दीत चालतं.
हिला ओळखणं ही आपली जबाबदारी.
'आपली' या शब्दावर पेन थांबलं.
खोडलं नाही.
खाली जैबुनचंही वाक्य लिहिलं, तिला विचारून,
तिच्याच शब्दांत, तारखेसकट.

साहेब बैठकीला ओरोसला.
फाइल वर गेली, म्हणजे जिन्यानं गेली;
पुढचं मला दिसत नाही.

"उद्या येव?" तारामतीनं विचारलं.
एका खेपेला एक खाडा, एक दिवसाची मजुरी.
"तुम्ही नका येऊ," मी म्हटलं, "आता आम्ही येऊ."
कोणत्या अधिकारात बोलले, ठाऊक नाही.
ती हसली नाही. मानही हलवली नाही.
शाईचा अंगठा तिनं पदराआड घेतला
आणि एसटी गाठायला निघाली.

संध्याकाळी काच पुसली. चिकाचा वास जाईना.
निघताना नेहमीप्रमाणे
माझा अंगठा ठेवला.
यंत्रानं लगेच ओळखलं,
धन्यवाद म्हणालं.

मे महिन्यापर्यंत.